परतीचं तिकीट

(खडवली इथं तरुणांच्या बैठकीत 'झुंड' दाखवल्यानंतर केलेलं भाषण. पुनरुक्ती कापली आहे, भाषा बोललेली तशीच ठेवली आहे.)



शेवटी विमान उडालं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मीही वाजवल्या. पोरं आत बसलीत, खाली झोपडपट्टीचे पत्रे लहान लहान होत चाललेत, अशा वेळी ज्याचा हात उचलत नाही त्यानं छाती डॉक्टरला दाखवून घ्यावी. पण मला इथं उभं केलंय ते टाळी कशाला पडते, आणि टाळी पडून गेल्यावर काय उरतं, ते बघायला. ज्या देशात आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आपली गोष्टच सांगू दिली नाही, तिथं आपली गोष्ट कोण सांगतो, कुठून सुरू करतो नि कुठं थांबवतो, हे राजकारण आहे. ते पेपरातल्या समीक्षकांवर सोडून भागणार नाही. ते पाचपैकी चार चांदण्या देतात आणि दुसऱ्या सिनेमाला जातात. चांदण्या मोजणं त्यांचा धंदा आहे, त्यांना करू द्या.

ह्या देशातल्या सिनेमाला गरिबी पहिल्यापासून आवडते. १९५४ साली 'बूट पॉलिश' आला. दोन अनाथ पोरं, त्यांना भीक मागायला लावणारी काकू, आणि भीक नको काम करा म्हणणारा जॉनचाचा. सिनेमा गाजला, पारितोषिकं मिळाली. पोरं सुटतात कशी? तर शेवटी एक श्रीमंत घर पोटाशी घेतं. म्हणजे धनवानाला पाझर फुटला की गरिबाचा प्रश्न मिटला. घटना लागू होऊन चार वर्षं झाली होती, पण सिनेमाला हक्क हा शब्द सुचला नाही, दत्तक सुचला.

१९८१ साली 'चक्र' आला. जयवंत दळवींच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराजांनी केलेला. स्मिता पाटीलला त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ती बाई तोलामोलाची होती, त्यात वाद नाही. ह्या सिनेमात सुटका नव्हतीच. शेवटी बुलडोझर येतो आणि खोपटी जमीनदोस्त. एवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता. पण पोस्टर कसलं लावलं? उघड्यावर आंघोळ करणारी बाई! वस्तीत न्हाणीघर नाही म्हणून ज्यांच्या आयाबहिणी अंधार पडायची वाट बघतात, त्यांची अडचणच पोस्टरवर चढवली आणि तिकिटं खपवली. पांढरपेशा प्रेक्षक वास्तव बघायला म्हणून गेला नि काय बघून आला ते त्याचं त्याला ठाऊक.

मग २००८चा 'स्लमडॉग मिलेनिअर'. ह्याला तर जगानं डोक्यावर घेतलं, फेब्रुवारी २००९मध्ये आठ ऑस्कर दिली. झोपडपट्टीतला जमाल प्रश्नमंजूषेत दोन कोटी रुपये जिंकतो. प्रत्येक उत्तर त्याला पुस्तकानं दिलेलं नसतं, अंगावर पडलेल्या मारानं दिलेलं असतं. रामाच्या हातात काय असतं हे त्याला कळतं ते दंगलीत आई मारली जाते तेव्हा. ही कल्पना मोठी आहे, मानलंच पाहिजे. पण हे सगळं सांगून झाल्यावर सिनेमा म्हणतो काय? की हे लिहिलेलंच होतं! अरे, लिहिलेलं होतं म्हणूनच तर आम्ही दोन हजार वर्षं गावकुसाबाहेर काढली. लिहिणारे कोण होते तेही आम्हाला माहीत आहे, आणि ते लिहिलेलं २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळलं तेही माहीत आहे. ज्यांनी ते जाळलं त्यांच्या नातवंडांना तुम्ही पुन्हा नशीब शिकवताय?

त्या सिनेमातली लहान पोरं अमेरिकेत नेली, लाल गालिच्यावर चालवली, फोटो निघाले. मग ती वांद्र्याच्या गरीबनगरात परत आली. तीन महिन्यांत, मे २००९मध्ये, तोडफोडीत त्यांची खोपटी पाडली गेली. पुढं निर्मात्यांच्या ट्रस्टनं एकाला फ्लॅट घेऊन दिला, त्याच्याही बातम्या झाल्या. मार्च २०११मध्ये गरीबनगरला आग लागली, त्यात त्यातल्या पोरीचं घर जळालं. सिनेमातली सुटका दोन कोटींत झाली. बाहेर पत्र्याच्या चार भिंती टिकल्या नाहीत.

आता आडनावांकडे येतो. हसू नका, सगळी गोम आडनावातच आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पुढच्याच साली 'जंजीर' लागला. १९७४च्या जानेवारीत वरळी पेटली, परळच्या मोर्च्यात भागवत जाधव मारला गेला. १९७५च्या जानेवारीत 'दीवार' लागला. ह्या तारखा एका रांगेत ठेवून बघा. रस्त्यावर आपली पोरं पोलिसांच्या काठ्या खात होती आणि थेटरात एक विजय सगळ्या व्यवस्थेच्या कानफटात मारत होता. आपल्या बापांना, चुलत्यांना तो आपला वाटला. वाटणारच. गोदीतला हमाल, हप्ता द्यायला नकार देणारा, फेकलेले पैसे न उचलणारा. केस तसे कापले, शर्टाची गाठ तशी मारली. पण त्याचं आडनाव काय होतं? 'दीवार'चा विजय वर्मा. 'जंजीर'चा विजय खन्ना. पुढं १९९०चा 'अग्निपथ', तो विजय दीनानाथ चौहान, गावच्या मास्तरचा पोरगा. राग आपला, आडनाव त्यांचं! झोपडीत राहतो, फूटपाथवर झोपतो, पण आडनाव सांगितलं की ब्राह्मणसुद्धा पाणी देईल असं.

हा काही लेखकांचा विसरभोळेपणा नव्हता. पडद्यावरच्या गरिबाला जात लावली की त्याची सुटकेची गोष्ट अडते. निव्वळ गरीब असला की काम सोपं असतं. पैसे आले, गरिबी गेली, चाळीतून बंगल्यात, गाणं संपलं. आणि आपलं कसं होतं बघा. आपल्यातला एखादा नोकरीला लागतो. पगाराची स्लिप खिशात, डिपॉझिट बँकेत, कल्याणला भाड्यानं फ्लॅट बघायला जातो. एजंट आधी विचारतो, आडनाव काय? मग मांसमच्छीवर येतो. मग सांगतो, मालकानं भाच्याला द्यायचं ठरवलंय. इथं बसलेल्यांपैकी कितीजणांनी हा भाचा बघितलाय ते हात वर करून सांगू नका, मला दिसतंय. गरिबी गेली होती की नाही त्याची? गेली होती. सुटला का? 

तर हे सगळं मागं ठेवून 'झुंड'कडे या. ४ मार्च २०२२ला लागला. करणारा नागराज मंजुळे, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडाराच्या घरातला. 'फँड्री'त कैकाड्याच्या पोराच्या हातून त्यानं शेवटचा दगड थेट आपल्या, म्हणजे बघणाऱ्याच्या, तोंडावर भिरकावला होता. त्याच सिनेमात डुक्कर खांद्यावरून वाहून नेताना मागच्या भिंतीवर फुले, शाहू, बाबासाहेब रंगवलेले दिसतात. आपण एवढी भाषणं करतो, पण भिंतीवर महापुरुष आणि भिंतीपुढं डुक्कर वाहणारी माणसं ही शिवी आपल्याला इतक्या शांतपणे कोणी घातली नव्हती.

'झुंड'च्या मागं खरा माणूस आहे, विजय बारसे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. २००१ साली पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना त्यांना दिसली, त्यांनी फुटबॉल दिला, त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. सिनेमात त्यांचा विजय बोराडे झाला आणि ते काम केलं अमिताभ बच्चननं. म्हणजे पुन्हा विजयच, पुन्हा तोच माणूस, पण आडनाव बोराडे! वर्मा, खन्ना, चौहान करून झाल्यावर नागराजनं त्या विजयला धरून नागपूरच्या वस्तीत आणला, जयंतीच्या मिरवणुकीच्या दणदणाटात उभा केला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडायला लावले. काही शहाण्यांना हा प्रसंग घुसडलेला वाटला. त्यांना शंभर वर्षं सिनेमात गणपतीची मिरवणूक कधी घुसडलेली वाटली नाही. आणि शहर कुठलं, तर १४ ऑक्टोबर १९५६चं नागपूर. तिथं जयंती दाखवली नसती तर ते खोटं झालं असतं.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग मात्र हा नव्हे. मास्तर पोरांना पहिल्या दिवशी उपदेश करत नाही. म्हणतो, अर्धा तास खेळा, पाचशे रुपये घ्या. पोरं रोज येतात, खेळतात, पैसे घेतात, जातात. मग एक दिवस मास्तर म्हणतो, पैसे संपले. पोरं घुटमळतात, आणि म्हणतात, पैसे राहू दे, बॉल दे. हे ज्यानं लिहिलं त्याला वस्ती माहीत आहे. आपल्या पोराचा वेळ फुकट नसतो. मध्यमवर्गाच्या पोराला खेळायला बाहेर काढतात, कारण त्याची संध्याकाळ मोकळी असते. आपलं पोरगं त्याच वेळात भंगार गोळा करतं, गाडीवर कप धुतं, नाहीतर चोरी करतं. तेही कामच. त्याचा अर्धा तास विकत घ्यावा लागतो आधी. छंद, कला, वाचन, चळवळसुद्धा, ह्या सगळ्याला आधी मोकळा अर्धा तास लागतो, तो आपल्याला कोणी दिला होता? आपण बैठकीला पोरं येत नाहीत म्हणून कुरकुरतो. ती कुठल्या शिफ्टला जातात ते कधी विचारलं का?

भिंतीचं सांगायलाच नको, तुम्ही बघितलीत. एका अंगाला कॉलेजचं हिरवं मैदान, दुसऱ्या अंगाला वस्ती, मध्ये भिंत. तीन तासांच्या सिनेमात जातीचं नाव कोणी भाषणात घेत नाही, भिंत घेते. काहींचा आक्षेप आहे की नागराज जात उघड बोलत नाही. मला तो आक्षेप पटत नाही. गावात तरी वेशीवर पाटी कुठं लावलेली असते? कुठं थांबायचं ते न सांगता कळतं म्हणूनच तर ती जात.

इथं थोडं आडवळण घेतो. आपल्या खडवलीत अशी भिंत नाही, आपल्याकडे नदी आहे. रविवारी मुंबईची माणसं तिच्यात डुंबायला येतात, कचरा टाकून जातात. ही भातसा. वर शहापूर तालुक्यात धरण, खाली पिसे बंधाऱ्यावर पाणी उचललं जातं, आणि मुंबईला लागणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ अर्धं ह्या एका भातशाचं. ज्या शहापूर तालुक्यात धरण आहे, त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. बायका हंडे घेऊन टँकरच्या मागं पळतात. भिंत विटांचीच असली पाहिजे असं कोणी सांगितलं? 

आता कागदांकडे. माझ्या मते 'झुंड'चा खरा सिनेमा मॅचमध्ये नाहीच. मॅच आपण लाख वेळा बघितलीय. आधी हरायचं मग जिंकायचं, त्यात नवं काही नाही, जरा लांबवलीही आहे. खरा सिनेमा मॅचनंतर सुरू होतो. परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं येतं आणि कळतं की पासपोर्ट पाहिजे. आणि पासपोर्टसाठी तुम्ही आहात ह्याचा पुरावा पाहिजे! मोनिका ही आदिवासी पोरगी. बापाबरोबर ह्या दारातून त्या दारात. जितीजागती पोरगी समोर उभी आहे, आणि साहेब म्हणतो, तू आहेस हे कागदावर दाखव. थेटरात लोक ह्या प्रसंगाला हसले. आपल्यातले काही हसले नाहीत.

कारण हे आपल्या शिवारातलं आहे. शहापूर, मुरबाड, आपला कल्याण तालुका, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. पोराला जातीचा दाखला हवा तर ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. आपल्याकडे अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. जो माणूस दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो नि पावसाच्या तोंडावर वाडीत येतो, ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्यानं आज्याचा १९५०चा कागद आणायचा कुठून? म्हणे शाळा सोडल्याचा दाखला आणा. सोडायला आधी शाळेत घ्यावं लागतं! ज्यांनी आज्याला शाळेच्या पायरीवर उभा केला नाही, त्यांच्याच पंगतीतला आज टेबलामागं बसून नातवाला विचारतो, आज्याचा शाळेचा दाखला कुठंय. हा विनोद सरकार सत्तर-पंचाहत्तर वर्षं करतंय आणि कोणी हसत नाही.

डॉनचं तर आणखी. त्याच्या नावावर पोलिसांत नोंदी. कोर्टात जावं लागतं, तिथं विजय बोराडे पोरांची बाजू मांडतो. भाषण बरं आहे, बच्चन भाषण बरंच करणार. पण माझ्या डोक्यात राहिला तो विमानतळ. तपासणीच्या चौकटीतून डॉन जातो आणि यंत्र वाजतं. पुन्हा जातो, पुन्हा वाजतं. त्याचा चेहरा बघा. त्या चेहऱ्यावर चोरीची भीती नाहीये. आपण इथं नको आहोत हे मशीनलासुद्धा कळलं, अशी ती भीती आहे. मोठ्या ऑफिसच्या काचेच्या दारात, मॉलमध्ये वॉचमन नुसता वळून बघतो तेव्हा पोटात जे होतं ते हे. अंकुश गेडाम नावाच्या नागपूरच्याच पोरानं हे काम केलंय, २०२३ साली त्याला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. वस्तीतल्या पोराला कॅमेऱ्यापुढं उभं करणं सोपं, पण तो चेहरा मिळवायला दिग्दर्शकही त्याच दारातून कधीतरी गेलेला लागतो.

मग विमान उडतं. आपण टाळ्या वाजवतो. कॅमेरा विमानाबरोबर जात नाही. तो खाली राहतो, आणि भिंत दिसते, ओलांडायला सक्त मनाई आहे असं बजावणारी. सिनेमा तिथं संपतो. म्हणजे नागराजला सगळं ठाऊक आहे. त्यानं सुटका दाखवली आणि तिच्या खाली भिंत ठेवली. आपण विमानाला टाळ्या दिल्या आणि भिंत बघितलीच नाही.

आता सिनेमात नसलेली एक गोष्ट सांगतो. ही जी बेघरांची जागतिक स्पर्धा आहे, होमलेस वर्ल्ड कप, ती २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी सुरू झाली. तिचा एक नियम आहे. खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. हेतू चांगला आहे, पुढच्या वर्षी दुसऱ्याला संधी मिळावी. पण ह्याचा अर्थ काय होतो तो लावा. एकदा जायचं, हजारो माणसांसमोर खेळायचं, राष्ट्रगीत, झेंडा, फोटो. आणि मग परत. त्याच गल्लीत, त्याच पत्र्याखाली, त्याच पोलीस चौकीच्या हद्दीत. विमानाचं तिकीट परतीचं असतं, दोस्तांनो! सिनेमा जाताना संपतो. येतानाचा सिनेमा कोणी काढलेला नाही.

तो नागपुरात घडला. 'झुंड'मध्ये काम केलेला एक पोरगा ऑक्टोबर २०२५मध्ये नागपुरातच खून होऊन मेला. एकवीस वर्षांचा. त्याआधी एकदा चोरीच्या आरोपाखाली पकडला होता, तेव्हाही बातमीत बच्चनचा उल्लेख आधी आणि ह्याचा नंतर. मेल्यावरही तसंच. नाव मी घेत नाही, पेपरांनी ते पुरेसं चघळलंय. मला त्याबद्दल नागराजला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. एक सिनेमा एका पोराला किती वर्षं धरून ठेवणार? पण ज्यांनी ह्या सिनेमाला आशेचा, प्रेरणेचा सिनेमा म्हणून चांदण्या दिल्या त्यांना ही बातमी त्याच पानावर छापावीशी वाटली नाही. गरिबीतून सुटण्याची गोष्ट पाहिजे असते, सुटून परत आलेल्याचं काय झालं ते ऐकायला कोणी थांबत नाही.

दोन आक्षेपांवर बोलतो आणि पुढं जातो. पहिला, की शेवटी उद्धार करायला बाहेरचा मास्तरच लागला, आणि तोही बच्चन. हा आक्षेप खरा आहे. वस्तीतल्या पोरांनी स्वतः उभं राहावं, त्यांना आतूनच कोणी नेता मिळावा, असा सिनेमा अजून यायचाय. पण हेही बघा, की बच्चन नसता तर ह्या पोरांच्या तीन तासांना पैसा कोणी लावला असता? भांडवलाची भिंत ओलांडायला नागराजनंही एक नाव वापरलं. ते बरोबर की चूक ह्यावर तुम्ही आपसांत भांडा, मला ऐकायला आवडेल. दुसरा, की सिनेमा चालला नाही. ४ मार्चला 'झुंड' लागला, ११ मार्चला 'द काश्मीर फाइल्स' लागला आणि बऱ्याच राज्यांत करमुक्त झाला. 'झुंड'च्या निर्मातीनं तेव्हा जाहीर विचारलं की आमच्या सिनेमाला का नाही. उत्तर आलं नाही. कुठली गोष्ट स्वस्तात दाखवायची हे ठरवणारे कोण, तेवढं त्यातून कळलं.

आता आपलं. आपण खडवलीची माणसं, कसारा लाइनची. वर वासिंद, आसनगाव, खाली टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण. रोज परतीचं तिकीट काढणारी जात आहे आपली, पास म्हणजे तरी दुसरं काय. सकाळी मुंबई झाडायची, बांधायची, पोचवायची, रखवालायची आणि रात्री परत यायचं. ह्यातले काही कायमचे जातात. नोकरी लागली, मास्तर झाला, बँकेत लागला, कल्याणला नाहीतर डोंबिवलीला ब्लॉक घेतला. चांगलं आहे. कोणी म्हणेल की वस्ती सोडणारा गद्दार, तर मी तसं म्हणणार नाही. वस्तीत राहणं हे काही व्रत नाही, नाइलाज आहे. बाबासाहेबांनी गावं सोडा सांगितलं ते काय उगाच?

पण १८ मार्च १९५६ला आग्र्याला ते शिकलेल्यांबद्दल काय बोलले तेही आपल्याला पाठ आहे. दरवर्षी जयंतीला ते स्टेटसला ठेवणारे पहिले तेच असतात, ज्यांनी पाच वर्षांत वाडीत पाय ठेवलेला नाही. दारावरच्या पाटीवर आडनाव नाही, नुसतं नाव. सोसायटीत कोणी विचारलं तर गावाचं नाव सांगायचं. पोरांना जयंतीला आणायचं नाही, शाळेतल्या मित्रांना कळेल म्हणून. हा माणूस सुटला असं तुम्ही म्हणता? विमानतळावरच्या त्या डॉनसारखा तो रोज चौकटीतून जातोय आणि यंत्र वाजेल म्हणून घाबरतोय. वस्ती मागं ठेवून एकट्यानं ओलांडलेल्या भिंतीची हीच किंमत असते. तो वर गेला आणि भिंत एका विटेनंही कमी झाली नाही.

मैत्रिणींना वेगळं सांगायचं होतं, ते इथंच घालतो. सिनेमात रझिया आहे, पोरींची आई, बॉलला लाथ मारणारी. तुमच्यापैकी जिला कॉलेजात जाऊ दिलं, तिला घरातून सांगितलं जातं की शिक, नोकरी कर, पण बैठकांना जाऊ नको. घरातली ही भिंत आपल्याच बापांनी, भावांनी बांधलेली आहे. त्यात मनूचा हात आहेच, पण गिलावा आपला आहे. आज पोरी मागं बसल्यात आणि पोरं पुढं, हेही मला दिसतंय.

बस्स. आता कामाचं बोलू. मोनिकाचा प्रसंग बघून डोळे पुसणाऱ्यांसाठी काम काढलंय. इथून चालत जाण्याच्या अंतरावर ज्या वाड्या आहेत, तिथं किती पोरांचे दाखले अडकलेत ह्याची यादी आपल्याकडे नाही. कोणाकडेच नाही. येत्या दोन रविवारी ती करायची. प्रत्येक घराला विचारायचं: जन्माची नोंद आहे का, आधार आहे का, आज्याचं नाव कुठल्या जुन्या कागदात आहे का, जंगलखात्याच्या, सावकाराच्या, भट्टीवाल्याच्या वहीत तरी. कातकऱ्याकडे कागद नसेल, पण ज्यांनी त्याला राबवलं त्यांच्याकडे असतो, हे लक्षात ठेवा. ज्यांनी स्वतःचा दाखला नि पडताळणी करून घेतलीय त्यांना ह्या खिडक्या, हे शिक्के माहीत आहेत, त्यांनी यायचंच. कल्याण-डोंबिवलीला राहायला गेलेल्यांना आज रात्री फोन करा, खास त्यांनाच. सुट्टीचा दिवस आहे, गाडीला गर्दी नसते. अभ्यासिकेतल्या पोरींकडे वही आहे, नाव, गाव आणि मोबाइल लिहून द्या. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवलाय, दोन-दोन उचला. पेनं आपापली आणा.

जय भीम.